टीव्हीचा आवाज पुन्हा पुन्हा जातो? बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

आमच्या दादरच्या घरी टीव्हीचा आवाज जायचा, यायचा आणि पुन्हा जायचा. चित्र स्वच्छ, मालिकेतली माणसं तावातावाने भांडतायत, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर. आईचा फोन यायचा, "अरे, पुन्हा मुका झालाय बघ." मी मुलुंडहून सांगायचो, "प्लग काढ, पाच मिनिटांनी लाव." कधी चालायचं, कधी नाही. चाललं तरी एक-दोन दिवसांत परत तेच. शेवटी एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दहा मिनिटं पाहिलं, ऑडिओचा बोर्ड गेलाय म्हणाला आणि जो आकडा सांगितला तो ऐकून बाबांनी त्याला चहा पाजला, येण्याजाण्याचे पैसे दिले आणि निरोप दिला. तो बोर्ड आजही टीव्हीत आहे आणि उत्तम चालतो.

त्यानंतर गिरगावात मावशीकडे, बोरिवलीला काकांकडे आणि शेजारीपाजारी अशा बऱ्याच टीव्हींसमोर मी बसलो. एक गोष्ट मनात पक्की बसली. जो आवाज जाऊन परत येतो, त्याचं यंत्र सहसा मोडलेलं नसतं. फाटलेला स्पीकर दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप बरा होत नाही. येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा दोन उपकरणांच्या जोडणीत किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असतो. प्लग काढून लावला की तो तात्पुरता झाकला जातो, म्हणूनच तो परत येतो.

आधी तक्रार नेमकी कुठली ते ठरवा

"आवाजाचा प्रॉब्लेम आहे" एवढ्यावर काहीच करता येत नाही. आवाज अजिबातच नाही, एकाच अ‍ॅपवर नाही, आवाज आहे पण बोललेलं कळत नाही, ओठ आणि शब्द जुळत नाहीत, खरखर येते: या पाच वेगळ्या तक्रारी आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पाच मिनिटांची एक तपासणी सगळ्यांच्या आधी करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'साउंड आउटपुट' शोधा आणि ते 'टीव्ही स्पीकर' करा. साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, पुढे त्याला नुसतं बार म्हणतो), होम थिएटर, ब्लूटूथ सगळं बाजूला. आता यूट्यूबवर काहीही लावा. आवाज आला तर टीव्हीचा स्पीकर आणि बोर्ड ठीक आहेत. त्यांच्यावर एक रुपयाही खर्च करू नका. मग तक्रार ज्या अ‍ॅपवर होती ते लावा. तिथेही आवाज आला तर दोष टीव्हीपासून बारपर्यंतच्या वाटेत आहे, किंवा त्या अ‍ॅपचा आवाजाचा प्रकार बारला कळत नाही. यूट्यूबवर आहे आणि त्या अ‍ॅपवर नाही, तर दोष अ‍ॅपमध्ये किंवा आवाजाच्या प्रकारात. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर कशालाच आवाज नसेल, तर रिमोटच्या म्यूट बटणापासून सुरुवात करा आणि मग टीव्हीच्या मागचं हेडफोनचं भोक पाहा. काही टीव्हींत तिथे पिन घातली की स्पीकर बंद होतो. आत धूळ किंवा गंज असेल, तर पिन नसतानाही टीव्हीला ती असल्यासारखी वाटू शकते. समुद्राजवळच्या घरांत, खाऱ्या दमट हवेत, हे मी पाहिलंय. हेडफोनची पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर केली की काम होतं.

ही तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आपण घाईत केबलही बदलतो, सेटिंगही बदलतो, रीस्टार्टही करतो. आवाज येतो आणि कशामुळे आला ते कळत नाही. मग पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणं.

कालनिर्णयवरच्या फुल्या

दादरच्या टीव्हीचं कोडं सुटलं ते आईमुळे. मी तिला म्हटलं, "आता काही दुरुस्त करायला जाऊ नकोस, नुसतं लिहून ठेव." ती दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिते. त्याच चौकोनांत तिने आवाज गेला त्या दिवशी फुली आणि वेळ लिहायला सुरुवात केली. बारा दिवसांत सात फुल्या पडल्या. सगळ्या सकाळच्या, दिवसातून पहिल्यांदा टीव्ही लावतानाच्या. सुरू असताना मध्येच आवाज गेला असं एकदाही नाही. आणि दोन्ही शनिवार-रविवार कोरे.

शनिवार-रविवारी काय वेगळं होतं? शुक्रवारी आणि शनिवारी रात्री दादा तिथे असतो, उशिरापर्यंत बघत बसतो आणि रिमोटनेच टीव्ही बंद करून झोपतो. बाकीच्या रात्री बाबा झोपण्याआधी भिंतीवरचा खटका बंद करतात. एका पावसाळ्यात विजेच्या कडकडाटात शेजाऱ्यांचा सेट-टॉप बॉक्स जळला, तेव्हापासूनची त्यांची सवय. सवयीत चूक काही नाही. पण आवाज जाण्याचं मूळ त्या खटक्यात होतं.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे खटका बंद करणारी घरं खूप आहेत. दादरच्या टीव्हीला साउंडबार आहे, आणि टीव्ही नि साउंडबार सहसा एचडीएमआय केबलने जोडलेले असतात. पूर्वी या केबलमधून आवाज टीव्हीकडे फक्त यायचा. २००९ साली एचडीएमआयची १.४ ही आवृत्ती आली आणि तिच्यात एआरसी आलं, म्हणजे टीव्हीतला आवाज त्याच केबलने उलटा बारकडे पाठवायची सोय. त्यासाठी दोघांना आधी एकमेकांची ओळख पटवावी लागते: बार सांगतो मी आलोय, मला आवाजाचे अमुक प्रकार समजतात, टीव्ही सांगतो ठीक आहे, मी माझे स्पीकर बंद करतो, आवाज तुझ्याकडे देतो. हे बोलणं सीईसी नावाच्या सोयीतून होतं. प्रत्येक कंपनीने तिला आपलं वेगळं नाव दिलंय: सॅमसंगच्या टीव्हीत 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिम्पलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. मेनूत सीईसी हा शब्द सापडला नाही तर ही नावं शोधा.

रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर डुलकी घेत असतो. जोडणी त्याच्या लक्षात असते. खटका बंद केला की दोघांचीही पाटी कोरी. सकाळी खटका दाबला की बार दोन-तीन सेकंदांत जागा होतो आणि विचारायला लागतो. स्मार्ट टीव्हीला मात्र पूर्ण सुरू व्हायला अर्धं मिनिट सहज लागतं. बारच्या हाकेला उत्तर मिळत नाही, तो दुसऱ्याच इनपुटवर जाऊन बसतो. नंतर टीव्ही जागा होतो, बार जोडलेला आहे एवढं त्याला आठवतं, तो आपले स्पीकर बंद करतो. म्हणजे टीव्ही गप्प कारण बार बोलेल असं त्याला वाटतं, आणि बार गप्प कारण त्याचं लक्ष भलतीकडे.

पहिला उपाय फुकटचा होता: बारचा प्लग वेगळ्या बटणावर घेतला आणि क्रम ठरवला. आधी टीव्ही, पडद्यावर अ‍ॅपची चित्रं दिसली की मग बार. याने आवाज रोज यायला लागला. पण घरात पाहुणे आले, कामवाल्या मावशींनी बटण दाबलं, की क्रम चुकायचा.

म्हणून दुसरा, कायमचा उपाय केला. लॅमिंग्टन रोडवरून तीनशे रुपयांच्या आत एक ऑप्टिकल केबल आणली. या केबलमधून आवाज प्रकाशाच्या रूपात जातो. तोशिबाने १९८३ साली आणलेली ही सोय आहे आणि अजूनही बऱ्याच टीव्हींच्या नि बारच्या पाठीमागे ते चौकोनी भोक असतं. जुनी असली तरी तिचा एक मोठा गुण आहे: ती एकतर्फी आहे. टीव्ही प्रकाश पाठवतो, बार तो वाचतो, ओळखपाळख करावीच लागत नाही. खटका कितीही वेळा बंद करा. लावताना तीन गोष्टी पाहा. केबलच्या टोकांवर प्लास्टिकच्या बारीक टोप्या असतात, त्या काढा. टोक आत गेल्यावर टक्‌ असं बसलं पाहिजे. आणि केबल काटकोनात मोडू नका, आत काच किंवा प्लास्टिकचा तंतू असतो. टीव्ही सुरू केल्यावर बारकडच्या टोकातून लाल उजेड दिसला की टीव्हीचं ऑप्टिकल भोक सुरू आहे आणि केबल धड आहे हे कळतं. मग टीव्हीत आउटपुट 'ऑप्टिकल', बारवर इनपुट 'ऑप्टिकल'.

या उपायाची किंमतही सांगायला हवी. बऱ्याच टीव्हींच्या रिमोटवरून मग बारचा आवाज कमी-जास्त होत नाही, बारचा रिमोट वेगळा ठेवावा लागतो. आणि ऑप्टिकलमधून साधा स्टिरिओ किंवा डॉल्बी डिजिटल ५.१ सारखा सहा वाटांचा आवाज (त्याबद्दल पुढे) एवढंच जातं. डॉल्बी अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज, जात नाही. दोन स्पीकरांच्या बारवर बातम्या आणि मालिका बघणाऱ्या माझ्या आईबाबांचं त्यात काही बिघडलं नाही. तुमच्याकडे अ‍ॅटमॉसचा बार असेल, तर एआरसीवरच राहा आणि खटका बंद करण्याऐवजी सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड लावा, तोही अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवर. मात्र ढगांचा जोराचा गडगडाट सुरू असेल तेव्हा प्लग काढणंच बरं. बाबांचं तेवढं खरं आहे.

एआरसी वापरणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी एआरसी साधारणपणे एकाच पोर्टवर असतं आणि त्याच्याजवळ तसं छापलेलं असतं. बारवरही तेच. चुकीच्या पोर्टात केबल घालून महिनाभर सेटिंगशी झगडणारे लोक मला भेटले आहेत. आणि अ‍ॅटमॉससाठी ईएआरसीचा, म्हणजे एआरसीच्या पुढच्या आवृत्तीचा, नवा टीव्ही लागतोच, असं दुकानात सांगतात, ते स्ट्रीमिंगच्या बाबतीत खरं नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅपचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या डॉल्बी डिजिटलच्या नव्या प्रकाराच्या आत बसवलेलं असतं, आणि टीव्ही-बार दोघांनी ते स्वीकारलं तर साध्या एआरसीतूनही ते जातं. ईएआरसीची रुंद वाट लागते ती ब्लू-रेसारख्या, दर्जा जराही न गमावलेल्या जड आवाजासाठी.

यूट्यूबवर आवाज आहे, सिनेमावर नाही

मावशीच्या गिरगावातल्या घरी तक्रार अशी: भजनं, बातम्या, रेसिपी सगळं ऐकू येतं, पण सिनेमाचं अ‍ॅप लावलं की शांतता. तिने ते अ‍ॅप दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं.

कारण आवाजाच्या प्रकारात होतं. यूट्यूबचे बहुतेक व्हिडिओ स्टिरिओ असतात आणि ते कोणत्याही बारला समजतं. सिनेमाची अ‍ॅप डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये ५.१ पाठवतात. तिचा बार जुना. त्याला डॉल्बी डिजिटल कळत होतं, प्लस कळत नव्हतं. टीव्हीचं सेटिंग 'पास थ्रू' होतं, म्हणजे अ‍ॅपने जे दिलं ते न उलगडता जसंच्या तसं बारकडे ढकलायचं. जे कळत नाही त्याबद्दल बार चूप बसतो. काही बार अशा वेळी नुसता खुळखुळ आवाज काढतात.

उपाय एका ओळीचा: टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पीसीएम' करा. मग उलगडण्याचं काम टीव्ही करतो आणि बारला साधा तयार आवाज मिळतो. सॅमसंगमध्ये हे 'साउंड', मग 'एक्स्पर्ट सेटिंग्ज'मध्ये सापडतं. फायर टीव्हीत 'डिस्प्ले अँड साउंड्स', मग 'ऑडिओ', मग 'सराउंड साउंड'. गूगल टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये सराउंडचा प्रकार 'ऑटो' ऐवजी बंद करता येतो. मॉडेलनुसार शब्द थोडे बदलतात, पण पीसीएम हे अक्षरत्रय जवळपास सगळीकडे आहे.

'ऑटो' हा पर्याय दिसायला शहाणा वाटतो. पण वारंवार येणाऱ्या तक्रारीत तोच बऱ्याचदा मूळ असतो, कारण दर वेळी टीव्ही सुरू होताना निवड नव्याने होते आणि एखाद्या दिवशी ती चुकते. बार जुना असेल किंवा दोनच स्पीकरांचा असेल तर 'ऑटो' सोडा आणि पीसीएम कायम ठेवा.

हाच दोष सेट-टॉप बॉक्सवरही दिसतो. साधे चॅनेल बोलतात आणि काही एचडी चॅनेल मुके, असं असेल तर बॉक्सच्या मेनूत ऑडिओ 'डॉल्बी' आहे का पाहा आणि 'स्टिरिओ' किंवा 'पीसीएम' करा. केबलवाल्याला फोन करायची गरज नाही.

टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की ही सेटिंग कधी कधी मूळपदावर जातात. त्यामुळे सगळं जुळल्यावर सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा. मावशीच्या टीव्हीच्या मागे मी पांढरी चिकटपट्टी लावून 'पीसीएम' असं लिहिलंय.

आवाज आहे, पण काय बोलतात ते कळत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त घरांत आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. गाणं, मारामारी, ढोल सुरू झाले की कानठळ्या; माणसं बोलायला लागली की पुटपुट. बोरिवलीचे काका रिमोट हातातून सोडतच नव्हते. त्यांचं घर रुळांच्या जवळ. लोकल गेली की आवाज वाढवायचे, तेवढ्यात पडद्यावर स्फोट व्हायचा, आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

५.१ आवाजाच्या सहा वाटा असतात: समोर डावी, उजवी आणि मधली, मागे दोन, आणि एक घुमणाऱ्या खर्जासाठी. सिनेमातलं बोलणं बहुतेक सगळं मधल्या वाटेने येतं. थिएटरमध्ये पडद्यामागे त्या वाटेसाठी वेगळा स्पीकर असतो. घरच्या टीव्हीत दोनच छोटे स्पीकर असतात, तेही पातळ टीव्हीमुळे खाली किंवा मागे तोंड करून. सहा वाटा त्या दोनांत कोंबताना मधली वाट दोन्हीकडे थोडी कमी करून वाटली जाते आणि उरलेल्या वाटांचा गलका तिच्यावर येऊन पडतो. शब्द त्यात बुडतात.

म्हणून पहिली गोष्ट: अ‍ॅपमध्ये सिनेमा सुरू असतानाच ऑडिओची यादी उघडा. त्याच भाषेसमोर '५.१' आणि साधं असे दोन पर्याय असतील तर साधं निवडा. ते दोन स्पीकरांसाठीच मिसळलेलं असतं. यादीत पर्याय नसेल तर टीव्हीचं सराउंड बंद करा. काकांकडे एवढ्यानेच निम्मा फरक पडला.

दुसरी गोष्ट 'नाइट मोड'. काही टीव्हींत त्याला 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'व्हॉल्यूम लेव्हलिंग' म्हणतात. मोठा आवाज खाली आणि बारीक आवाज वर आणणं हे त्याचं काम. सिनेमाचा थरार थोडा कमी होतो हे खरं, पण पातळ भिंतींच्या इमारतीत रात्री अकराला तो थरार तसाही कुणाला नको असतो. संवादांसाठी वेगळी सोयही असते: एलजीत 'क्लिअर व्हॉइस', सोनीत 'व्हॉइस झूम', आणि प्राइम व्हिडिओवर काही मोजक्या सिनेमा-मालिकांना 'डायलॉग बूस्ट'. इक्वलायझर असेल तर लोक खर्ज वाढवतात. तुम्ही तो दोन घरं कमी करा आणि २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा भाग थोडा वाढवा. व्यंजनांचा स्पष्टपणा तिथे असतो.

तिसरी गोष्ट फर्निचरची. मुंबईतल्या हॉलमध्ये टीव्ही आणि बार शोकेसच्या कप्प्यात असतात. कप्पा घुमतो. बार कप्प्याच्या अगदी काठापर्यंत पुढे आणा, म्हणजे आवाज आधी लाकडावर आपटणार नाही. बारसमोर फोटोची फ्रेम, फुलदाणी, रिमोटची टोपली काही ठेवू नका. काकांच्या बारचा मधला स्पीकर, म्हणजे नेमका बोलण्याचा स्पीकर, गणपतीच्या तसबिरीमागे होता. काकूंनी स्वतःच्या हाताने तसबीर वरच्या कप्प्यात ठेवली आणि त्याच संध्याकाळी म्हणाल्या, "आता बायका काय बोलतात ते कळतंय."

अ‍ॅप बदललं की आवाजाची पातळी बदलते, यात बिघाड काही नसतो. नेटफ्लिक्स निर्मात्यांकडून संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) मागतं. युरोपातल्या वाहिन्यांचं प्रमाण उणे २३ आहे, मोजायची रीत थोडी वेगळी. प्रत्येकाचा मापदंड निराळा असल्यामुळे एका ठिकाणी व्हॉल्यूम १४ पुरतो आणि दुसरीकडे २४ लागतो.

आणि एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत" असं टीव्हीबाहेरही होत असेल, फोनवर, लग्नाच्या हॉलमध्ये, तर त्यांच्यावर वैतागू नका. वय वाढतं तसा आधी उंच पट्टीचा आवाज ऐकू येणं कमी होतं. स, श, फ, त ही अक्षरं त्या पट्टीत असतात, म्हणून आवाज पोचतो आणि शब्द निसटतो. टीव्ही मोठा करून ते भरून निघत नाही. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून, केंद्र सरकारची. ती श्रवणाच्या कामासाठीच आहे. सार्वजनिक रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही तपासणी होते. काकांची आम्ही करून घेतली. आता त्यांना एका कानाला यंत्र आहे, आणि मराठी असो वा हिंदी, सबटायटल लावायला ते लाजत नाहीत.

ओठ आधी की शब्द आधी?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून लांबच्या खेळपट्टीवरचा खेळ बघा. बॅट चेंडूला लागलेली आधी दिसते, 'टक' नंतर ऐकू येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, शंभर मीटरला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. त्यामुळे आवाज थोडा उशिरा येणं आपला मेंदू चालवून घेतो. आवाज दृश्याच्या आधी आला तर मात्र लगेच खटकतं, कारण निसर्गात तसं कधी होत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत हेच आकड्यांत आहे: आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवतो, उशीर मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत जाणवत नाही.

उपाय करण्याआधी म्हणूनच कोण पुढे आहे ते पाहा. बातम्या देणाऱ्या व्यक्तीच्या ओठांकडे बघा, 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ मिटतात.

शब्द आधी आणि ओठ नंतर असेल, तर टीव्ही चित्रावर फार प्रक्रिया करतोय. पिक्चर मोड 'गेम' करून पाहा किंवा हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. नाहीतर बारच्या 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक'मध्ये २०-२० मिलिसेकंदांनी वाढवत जा.

ओठ आधी आणि शब्द उशिरा असेल, तर ते डिले बटण दाबून दोष वाढतो. बहुतेक बारमध्ये त्याने आवाज फक्त मागे सरकतो, पुढे येत नाही. इथे बटण शून्यावर आणा, पीसीएम करा, कृत्रिम सराउंड बंद करा. आणि बार ब्लूटूथवर असेल तर केबल लावा. साध्या ब्लूटूथमध्ये १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर नेहमीचा आहे. गाणी ऐकायला त्याने काही फरक पडत नाही, सिनेमा बघताना पडतो.

ब्लूटूथवर आवाज तुटत असेल तर त्याचंही कारण आपल्या इमारतींत आहे. ब्लूटूथ आणि जुनं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. मोबाइलवर वायफायची यादी उघडा, शेजाऱ्यांची दहा-पंधरा नावं दिसतील. त्यांतली बरीच त्याच गर्दीत असतात. टीव्ही आपल्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या नावावर जोडा आणि राउटर बारच्या शेजारून हलवा. एकाच अ‍ॅपवर आणि चित्रासकट अडखळत असेल, तर ते इंटरनेट आहे, आवाजाचं काही नाही.

टीव्ही स्वतःच बोलायला लागला

"नायिका खिडकीकडे चालत जाते" असं कुणीतरी मध्येच सांगत असेल, तर ती ऑडिओ डिस्क्रिप्शनची वाट आहे, दृष्टिहीन प्रेक्षकांसाठीची फार मोलाची सोय. ऑडिओच्या यादीत चुकून ती निवडली गेलेली असते, दुसरी निवडा. मेनूतले शब्द वाचून दाखवत असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'टॉकबॅक' किंवा 'व्हॉइस गाइड' बंद करा.

सतत बारीक गुणगुण येत असेल तर केबलवाल्याची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून पाहा. थांबली तर दोष त्या वायरीतून येणाऱ्या अर्थिंगमध्ये आहे, आणि ते केबलवाल्याचं काम.

दुरुस्तीवाल्याला कधी बोलवायचं

टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर सगळ्या अ‍ॅपना, सेट-टॉप बॉक्सलाही, आवाज नाही. दहा मिनिटं प्लग काढून ठेवूनही नाही. आणि टीव्हीच्या मदत मेनूत साउंड टेस्ट असेल तर तीही गप्प. किंवा एका बाजूचा स्पीकर कुठल्याही आवाजाला फाटल्यासारखा वाजतो. तेव्हाच. टीव्ही स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते. फॅक्टरी रीसेट करायची वेळ आलीच तर आधी सगळ्या अ‍ॅपचे पासवर्ड हाताशी ठेवा.

तो येईल तेव्हा त्याला नुसतं "आवाज जातो" असं सांगू नका. कोणत्या अ‍ॅपवर, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणती केबल, टीव्ही स्पीकरवर काय होतं, हे सांगा. "टीव्हीच्या स्पीकरवर व्यवस्थित चालतं, बारवरच जातं" एवढं वाक्य आई त्या दिवशी बोलू शकली असती, तर बोर्डाचा विषय निघालाच नसता. आणि कोणी बोर्ड बदलायचाच म्हणाला, तर आधी त्याच्यासमोर आउटपुट 'टीव्ही स्पीकर' करून यूट्यूब लावा.